फॅसिस्ट म्हणण्याआधी थांबा, या चुका टाळा

१ नोव्हेंबर आला की बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्या मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी, आणि रात्री मोबाईलवर दोन्हीकडची पोरं एकमेकांना फॅसिस्ट म्हणत बसतात. निपाणीपासून खानापूरपर्यंत हेच चाललंय. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण या शब्दामागं माणसं मेलीत, घरं जळलीत, तो असा भांडणात फेकून मारायचा शब्द नव्हे.

पहिली चूक, फॅसिस्ट या शब्दाची फोड केली की अर्थ सापडला असं समजायचं. जुन्या रोममध्ये अधिकाऱ्यापुढं काठ्यांची मोळी आणि तिच्यात कुऱ्हाड खोचून शिपाई चालायचे हे बरोबर आहे, पण इटालियनमध्ये फाशो म्हणजे साधी जुडी, आणि त्यावरून संघटना, आपण एकजूट म्हणतो ना तसंच बघा की. १८९० नंतर सिसिलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी आणि खाणमजुरांनी फाशो नावानंच संघटना काढलेल्या, त्या समाजवादाकडं झुकलेल्या होत्या आणि १८९४ ला सरकारनं लष्कर घालून त्या मोडल्या. पुढं इटलीचा हुकूमशहा झालेल्या मुसोलिनीनं २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये आपली संघटना काढली तेव्हा हाच चालू शब्द उचलला, त्यावरून फॅसिस्ट. आणि ती मोळी तर अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या भिंतीवर आजही आहे, म्हणजे चिन्हावरून काहीच ठरत नाही.

दुसरी चूक याच्याच पोटातली. मुसोलिनी आधी समाजवादी होता, म्हणून फॅसिझम डावाच, असं काहीजण ठासून सांगतात. होता की, पक्षाचा पेपर चालवायचा, पण पहिल्या महायुद्धात उतरायच्या बाजूनं गेला म्हणून १९१४ ला पक्षानं त्याला काढलं. १९१९ च्या जाहीरनाम्यात आठ तासांचा दिवस आणि बायकांना मतदान पण होतं, ते वाचून लोक फसतात. पुढं १९२०-२१ मध्ये त्याच्या काळ्या शर्टवाल्या टोळ्या जमीनदारांच्या बाजूनं शेतमजुरांच्या युनियनची ऑफिसं जाळत फिरल्या, ते कुणी सांगत नाही.

कॉर्पोरेशनचा घोळ वेगळाच. आपल्याकडं कार्पोरेशन म्हणजे घरपट्टी भरायचं ठिकाण, टीव्हीवर कॉर्पोरेट म्हणजे मोठी कंपनी, आणि इटलीत तो शब्द धंद्याधंद्यानं मालक-कामगार एकत्र बसवलेल्या, सरकारच्या मुठीतल्या मंडळांसाठी होता. त्यामुळं फॅसिझम म्हणजे सरकार आणि कंपन्यांची युती, असं मुसोलिनीच्या नावानं जे वाक्य फिरतं ते फॉरवर्ड करू नका, त्याच्या लिखाणात ते सापडलेलं नाही.

फॅसिझमची व्याख्या एकच आहे असं धरून चालणं ही पण चूकच. मुसोलिनीनं स्वतःच्या नावानं सिद्धांत छापला तो १९३२ ला, सत्तेत १० वर्षं काढल्यावर, आणि त्यातला बराच भाग जेंतीले या तत्त्ववेत्त्यानं लिहिला. कम्युनिस्टांसाठी फॅसिझम म्हणजे भांडवलदारांची उघड हुकूमशाही, काही अभ्यासक राष्ट्राच्या पुनर्जन्माच्या स्वप्नावर बोट ठेवतात, काहीजण म्हणतात बोलणं सोडा, त्यांनी केलं काय ते बघा. मला हे शेवटचं पटतं. जर्मनीत तर १९२८ नंतर कम्युनिस्टांनी समाजवादी लोकशाहीवाल्यांनाच सोशल फॅसिस्ट ठरवलं, दोघं भांडत राहिले आणि जानेवारी १९३३ ला हिटलर चान्सलर झाला.

आता आपल्या जिव्हाळ्याचं. भाषेची सक्ती म्हणजे फॅसिझम, असं आपल्याकडं सर्रास लिहितात. मुसोलिनीच्या राजवटीत उत्तर इटलीतल्या दक्षिण टिरोल भागात जर्मन बोलणाऱ्यांच्या शाळा इटालियन केल्या, गावांची नावं बदलली, पोरांना लपूनछपून जर्मन शिकवायची पाळी आली, हे वाचताना सीमाभागातल्या माणसाच्या पोटात कालवतंच. पण फ्रान्सच्या प्रजासत्ताकानं पण शाळेत ब्रेटन ही आपली प्रादेशिक भाषा बोलणाऱ्या पोरांना शिक्षा केल्या, आणि फ्रान्स तेव्हा फॅसिस्ट नव्हता. म्हणजे सक्ती वाईट, अन्याय्य, पण फक्त तिच्यावरून फॅसिझम ओळखता येत नाही. इटलीत विरोधी खासदार मात्तेओत्तीचा १९२४ ला खून झाला, १९२६ ला बाकी पक्षच बंद झाले. आपल्याकडं महाराष्ट्र एकीकरण समिती निवडणूक लढवते, २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा चालू आहे. हा फरक लहान नाही हो.

वाद अडला तर समोरच्याला विचारा, कुठल्या अर्थानं म्हणताय? टोळ्या, पक्षबंदी, एकच नेता, यातलं काय दिसलं? उत्तर नसेल तर दुसरा शब्द घ्या. नोटीस फक्त कन्नडमध्ये आली तर ती भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्काची तक्रार आहे. १९५६ लाच, भाषेवर राज्यांची नवी रचना केली तेव्हा, घटनेत कलम ३५०अ आणि ३५०ब घातलं, पहिलं लहान पोरांच्या मातृभाषेतल्या शिक्षणाचं, दुसरं भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या खास अधिकाऱ्याचं. त्या अधिकाऱ्याकडं अर्ज करताना कलम लिहा, तारीख लिहा, नोटिशीची झेरॉक्स जोडा.