हाक मारली की कुत्रा उलट पळायचा: शेवटी काय लागू पडलं

आमचा कुत्रा मुधोळ जातीचा, म्हणजे वेगानं पळणारा शिकारी कुत्रा, वय 14 महिने. कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या मैदानात पट्टा सोडला की ‘ये’ म्हटल्यावर उलट लांब पळायचा. दहा-दहा हाका, शिट्टी, सापडल्यावर रागावणं, सगळं करून झालं. दोन महिने जीव नुसता टांगणीला.

चूक माझीच होती. मी हाक मारायचो ती फक्त घरी न्यायला. त्याच्या लेखी ‘ये’ म्हणजे खेळ संपला, वर आल्यावर बोलणी.

म्हणून तो शब्दच टाकला आणि ‘हिकडं’ हा नवा घेतला. आधी घरात, दोन पावलांवरून, एकदाच म्हणायचं. आला की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. मीठ, मसाला, हाड काही नको. आठवडाभर रोज दहा वेळा. मग मैदानात 10 मीटर दोरी, तीही हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवतीच्या पट्ट्याला बांधून. गळपट्ट्याला बांधू नका, मुधोळ सुसाट सुटतो आणि मानेला हिसका बसतो. नाही आला तर दुसरी हाक नाही. दोरी हलकेच धरून आपण मागं सरकायचं. आला की चिकन, आणि लगेच ‘जा’ म्हणून परत मोकळं सोडायचं. खरी मेख इथंच आहे. दहातल्या नऊ वेळा सोडायचं, एकदाच घरी.

पाचव्या आठवड्यात तो मांजरामागं निघाला होता. ‘हिकडं’ म्हटलं. आधी कान वळले, मग मान, मग तो अख्खा.