पावसाळ्याआधी रिलेच्या कॉइली भरताय? आधी ही तयारी करा

तार, बॉबिन, टेप, मल्टिमीटर, काउंटर लावलेलं वाइंडिंग मशीन हे हाताशी असेलच. त्यावर शब्द घालवत नाही. मशीनवर बसण्याआधी कागद घ्या. डीसी व्होल्टेज ठरलेलं असेल तर कॉइलचे अँपिअर-टर्न, म्हणजे करंट गुणिले वेढे, ज्यावर चुंबकाची ओढ ठरते, ते वेढ्यांच्या संख्येवर ठरत नाहीत, तारेच्या जाडीवर आणि एका वेढ्याच्या सरासरी लांबीवर ठरतात. वेढे दुप्पट केले की रेझिस्टन्स जवळपास दुप्पट होतो, करंट अर्धा होतो आणि गुणाकार होता तिथेच राहतो. रिले, म्हणजे कॉइलच्या चुंबकावर चालणारा स्विच, ओढत नाही म्हणून वर आणखी वेढे चढवणारे खूप भेटतात. त्यांना खरं तर जाड तार हवी असते. वेढे वाढवून कॉइल कमी तापते, एवढंच.

आकड्यांत बघा. 0.1 मिमी तार, म्हणजे साधारण 42 गेज. 20 अंशांना तिचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे 2.2 ओहम. एक वेढा सरासरी 40 मिमीचा धरला तर वेढ्याला 0.088 ओहम, आणि 24 व्होल्टवर जवळपास 270 अँपिअर-टर्न. 8000 वेढे घेतले तर कॉइल 700 ओहमची होते आणि 0.8 वॉट खाते. 4000 घेतले तर ओढ तेवढीच, पण 1.6 वॉट, आणि तेही निम्म्या तांब्यात. अशी कॉइल किती दिवस टिकेल ते तुम्हीच ठरवा.

आता ती कॉइल तापवा, निदान कागदावर तरी. तांब्याचा रेझिस्टन्स अंशाला 0.39 टक्के वाढतो. 80 अंशांवर तो 24 टक्क्यांनी चढलेला असतो आणि 270 चे 220 उरतात. त्यात बॅटरीचं व्होल्टेज 80 टक्क्यांवर उतरलं की 175. रिलेला ओढायला लागणारे अँपिअर-टर्न याच्याही खाली हवेत. गार कॉइल, पूर्ण व्होल्टेज, टक्कन ओढलं, पास, असली टेस्ट माझ्यापुढे आणू नका.

आता फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून लावतात तो. बारीक तार बाहेर येणाऱ्या जाड लीडला जिथे जोडता, तिथला फ्लक्स टेप लावण्याआधी पुसायचा. हे आमच्या हातून एकदा सुटलं. कोकणातल्या एका पंपघराच्या पॅनेलसाठी 110 व्होल्ट डीसीच्या कॉइली होत्या. रेझिस्टन्स बरोबर, मेगरवर इन्सुलेशन बरोबर. पाऊस लागला आणि एकेक कॉइल ओपन व्हायला लागली. टेप सोडली तर तार नेमकी सांध्यापाशी तुटलेली, भोवती हिरवा डाग. बाजारातल्या डबीतल्या पेस्टमध्ये झिंक क्लोराइड किंवा नवसागर असतो, कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. भांडं नंतर धुतलं जातं, कॉइलचा सांधा मात्र टेपखाली तसाच राहतो. क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं, वर डीसी असतोच, आणि तांबं विरघळायला लागतं. एवढ्या बारीक तारेत विरघळायला तांबं असतं तरी किती?

म्हणून ती डबी टेबलावर ठेवूच नका. राळेचा फ्लक्स असलेली सोल्डर वायर घ्या आणि तिचाही राहिलेला थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रशने पुसा. नुसतं लावून सोडू नका. विरघळलेली राळ बाजूच्या वेढ्यांवर पसरेल, ती टिपून घ्या. मुळात कारागीर पेस्टकडे का वळतो? सोल्डर धरत नाही म्हणून. तारेवरचं एनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा थर, पॉलिएस्टरचं असेल तर खरवडावं लागतं, खरवडताना बारीक तारेला चीर जाते, तरी सोल्डर बसत नाही, मग डबी उघडते. बारीक तार मागवतानाच पॉलियुरेथेन एनॅमलची मागवा. ते गरम सोल्डरमध्ये जळून निघतं, खरवडायचं कामच उरत नाही. 155 अंशांच्या वर्गातली मिळते, रिलेला पुष्कळ झाली. तारेची ऑर्डर देताना फ्लक्सचा विचार करा, म्हणजे टेबलावर कारागिराशी भांडावं लागणार नाही.

याच आजाराचं दुसरं मूळ जोडणीत आहे, आणि ती बहुतेकदा डिझाइन करणाऱ्याच्या हातात नसते. तरीही विचारा. डीसी सर्किटमध्ये स्विचचा कॉन्टॅक्ट पॉझिटिव्हच्या बाजूला आणि कॉइल निगेटिव्हच्या बाजूला हवी. उलट केलं तर रिले बंद असतानाही सगळी कॉइल पॉझिटिव्हला टांगलेली राहते आणि ओल मिळाली की झिजत राहते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये 48 व्होल्टचं पॉझिटिव्ह टोक अर्थ केलेलं असतं, तेही तांबं वाचवण्यासाठीच. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर हे बघून घ्या, नाही पटलं तर लेखी कळवा. पण जोडणी बरोबर आहे म्हणून फ्लक्स पुसायचा नाही, असं नाही.

बाकीचं साहित्य. पीव्हीसी टेप आत अजिबात नको, तापली की तीही क्लोरीनचं आम्ल सोडते. पॉलिएस्टर टेप घ्या. व्हल्कनाइज्ड फायबरचे वॉशर ओल पितात, शिवाय तो कागद बनतोच झिंक क्लोराइडमधून, तेव्हा बारीक तारेजवळ नको. नायलॉन बॉबिनही ओल धरतं, वापरायचंच असेल तर आधी वाळवा. उघड्या हाताने तार धरायची नाही, घामात मीठ असतं. हातमोजे घाला.

गुंडाळताना ताण बेताचा ठेवा, 0.1 मिमीला 40-50 ग्रॅम पुरतो. जास्त ओढलं तर तार लांबते, रेझिस्टन्स चढतो, आणि पुढे कधीतरी थरथरीने तुटते. सुरुवातीचं टोक सगळ्या थरांच्या कडेने बाहेर येतं, त्यामुळे वरच्या थरात आणि त्याच्यात जवळपास पूर्ण व्होल्टेज असतं. त्याला स्लीव्ह हवीच. दोन्ही सांधे बॉबिनवर पक्के बांधा, लीडचा ओढा बारीक तारेवर येता कामा नये. आणि बांधण्याआधी पुसा. टेप एकदा बसली की कोणी सोडून बघत नाही.

व्हार्निशच्या आधी कॉइल ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर ओल आतच बंद होते. फ्लक्स राहिला असेल तर तोही. व्हार्निश त्याला बरं करत नाही.

टेस्ट: थंड रेझिस्टन्स तापमानासकट लिहा. मग तासन्‌तास चालवून गरम रेझिस्टन्स घ्या. दोन्ही तापमानांत 234.5 मिळवून जे गुणोत्तर येतं, तेच रेझिस्टन्सचं, त्यावरून आतलं तापमान काढा. बाहेरून हात लावून कळत नाही. गरम असतानाच कमी व्होल्टेजवर ओढते का बघा. कॉइल ते फ्रेम 2 किलोव्होल्ट, एक मिनिट. डीसीला कॉइलच्या दोन टोकांमध्ये डायोड उलटा जोडलेला हवा, वन-एन-4007 चालतो, फक्त रिले सुटायला जरा उशीर होतो. एसी कॉइल असेल तर आर्मेचर, म्हणजे ओढली जाणारी लोखंडी पट्टी, पूर्ण बसतं का तेवढं बघा, अडकलं तर जळेल.

पॅकिंगचं तुम्हाला कळतं. प्रत्येक कॉइलच्या कार्डावर मात्र दोन्ही सांध्यांचा फ्लक्स पुसल्याची सही हवी. ज्या कार्डावर ती नाही, ती कॉइल पाठवू नका. टेप सोडा, पुसा, परत बांधा.