पुष्पौषधी घेताय? मग या चुका टाळा

"ताई, झोप लागत नाही, कुठलं फूल घेऊ?"

असा फोन आला की मला आधी राग येतो, मग स्वतःचीच आठवण येते. ब्रिटिश डॉक्टर एडवर्ड बाख (आपल्याकडे सगळे 'बॅच'च म्हणतात) यांनी १९२८ ते १९३५ या काळात जी ३८ पुष्पौषधं, म्हणजे मुख्यतः फुलांच्या अर्काची औषधं, ठरवली, ती मनःस्थितीवर. त्या यादीत निद्रानाश नाही, पित्त नाही, अर्धशिशी नाही. पण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तक्त्यात मात्र रोगासमोर फूल, रोगासमोर फूल!

मीही हेच केलंय. शेजारच्या काकूंना झोप येईना. मी दारातच 'व्हाइट चेस्टनट' देऊन मोकळी झाले. विचारांचं चक्र थांबत नसेल तर ते देतात. तीन आठवडे काही नाही. मग एकदा चहाला बसल्या तेव्हा कळलं, की काका रात्री बाथरूममध्ये घसरून पडले होते. तेव्हापासून काकू बाथरूमची कडी वाजायची वाट पाहत जाग्या राहायच्या. कडी वाजली की श्वास रोखायचा, पुन्हा वाजली की सोडायचा. ही आपल्या माणसाची धास्ती, म्हणजे 'रेड चेस्टनट'. ते दिलं, आणि बाथरूममध्ये रबरी मॅट नि रात्रीचा दिवाही लावायला सांगितला. काकू झोपू लागल्या. श्रेय फुलाचं की मॅटचं, विचारू नका. माझं मत मॅटच्या बाजूचं आहे. तेव्हापासून चहा झाल्याशिवाय मी बाटली उघडत नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या परस्पर बंद करू नका: यावर मी वाद घालत नाही. चाचण्यांमध्ये ही औषधं प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा) सरस ठरलेली नाहीत, हे स्वतः घेत असूनही सांगते. घाबरेपणा कामधंदा थांबवत असेल, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येत असतील, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे.

मूळ अर्क ब्रँडीत असतो. दारू सोडायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको.

एका बाटलीत दहा-बारा औषधं कोंबू नका. सहा-सात ही वरची मर्यादा. मी तीनपुढे जात नाही.

'रेस्क्यू रेमेडी' म्हणजे पाच औषधांचं मिश्रण, अचानक धक्का बसला, अपघात झाला, अशा वेळेसाठी. चहासारखं रोज घेणाऱ्यांनी ती रोज का लागते ते बघावं.

आता बाटली. ३० मिलीच्या बाटलीत पाणी, प्रत्येक अर्काचे २ थेंब, त्यातले ४ थेंब दिवसातून ४ वेळा, एवढंच गणित. पण लोक ड्रॉपर जिभेला टेकवतात आणि तोच परत आत! मे महिन्यात एकीने बाटली दाखवली, तर तळाशी पांढरी लव. मी थेंब चमच्यात घेते, बाटलीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिते आणि तीन आठवड्यांनी उरलेलं ओतून देते.

तिसऱ्याच दिवशी "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांना मी 'इम्पेशन्स' सुचवते. उतावळ्यांचं औषध! फूल मूळचं हिमालयातलं, आपल्या तेरड्याचं भावंड. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसा यांचा धीर.

हे भावंडाचं नातं मी एकीला सांगून बसले, तर तिने गौरीचा तेरडा काचेच्या वाडग्यात घालून उन्हात ठेवला. 'घरचं इम्पेशन्स'! अहो, जात वेगळी आहे. तेवढ्यावर थांबती तरी हसून सोडलं असतं. पण शेजारी दुसरा वाडगा, त्यात कण्हेर. पानापासून बीपर्यंत विषारी झाड! "फूल तर देवाला वाहतो ना," म्हणाली. दोन्ही वाडगे मीच मोरीत रिकामे केले.