सर्व्हिस सेंटरने दिलेली महागडी गाडी आठवडाभर कशी वापरावी

मर्सिडीज-बेंझ, बीएमडब्ल्यू किंवा ऑडीचे मोठे काम निघाले, किंवा एखादा सुटा भाग परदेशातून यायचा असला, की गाडी आठवडाभर सर्व्हिस सेंटरमध्ये अडकते आणि अशा वेळी काही डीलर ग्राहकाला वापरायला दुसरी गाडी देतात. या कर्टसी कारची भीती बहुतेकांना महामार्गावर वाटते. माझ्या पाहण्यात मात्र तिचे नुकसान सोसायटीच्या रॅम्पवर, फुटपाथच्या कडेला आणि पार्किंगच्या खांबाशी, म्हणजे गाडी जेमतेम सरकत असतानाच होते. त्यामुळे खरी काळजी घ्यायची ती अशा जागी, आणि त्याआधी कागदपत्रांची.

सर्वप्रथम नंबर प्लेट पाहावी. लाल पट्टीवर पांढरी अक्षरे असतील, तर ती गाडी डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवर चालते. हे प्रमाणपत्र चाचणी, ने-आण किंवा संभाव्य खरेदीदाराची फेरी अशा ठरावीक कामांपुरते असते, म्हणून रोज ऑफिसला जाण्यासाठी अशी गाडी स्वीकारू नये. आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या मुदती तपासून त्यांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवाव्यात. त्यानंतर सहीसाठी पुढे केलेला अर्ज पूर्ण वाचावा, कारण नुकसान झाल्यास कोणी किती भरायचे हे त्यातच लिहिलेले असते. १५०० सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या खासगी मोटारीच्या विमा दाव्यात वाहनमालकाने भरायची सक्तीची रक्कम साधारणतः २००० रुपये असते, पण डीलर तेवढ्यावर थांबेल असे गृहीत धरू नये. दावा केल्यावर त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, बुडतो, आणि पाच वर्षे दावा न केलेल्या पॉलिसीवर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. ती रक्कम आपल्याकडून वसूल होणार का, घरातील दुसऱ्या कोणी गाडी चालवली तर चालेल का, दिवसाला किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि गाडी गोव्याला नेता येईल का, ही उत्तरे अर्जावरच लिहून घ्यावीत.

गाडी ताब्यात घेताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला सोबत घेऊन तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारावी आणि दिवसाच्या उजेडात व्हिडिओ काढावा. चारही अलॉय रिम, बंपरच्या खालच्या कडा, पुढची काच, किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटा यांची वेगळी छायाचित्रे हवीत. मला एकदा मिळालेल्या गाडीच्या मागच्या डाव्या रिमवर जुना ओरखडा होता. गाडी परत करताना तो माझ्या नावावर लागला असता, परंतु वेळेची नोंद असलेले छायाचित्र दाखवताच विषय मिटला.

इंजिन सुरू केल्यावर लगेच निघू नये, १५ मिनिटे जागेवरच बसून सगळी बटणे समजून घ्यावीत. मारुती किंवा ह्युंदाई चालवणाऱ्या हाताला इंडिकेटरचा दांडा उजवीकडे असण्याची सवय असते, तर युरोपीय गाड्यांत तो डावीकडे असतो. त्यातही मर्सिडीजच्या बऱ्याच मॉडेलांत उजवीकडचा दांडा गिअरचा असतो, त्यामुळे वळताना सवयीने तो दाबला गेला तर गाडी न्यूट्रलमध्ये जाऊ शकते. ही चूक पहिल्या दिवशी हमखास होते, म्हणून गर्दीच्या रस्त्यावर येण्यापूर्वी रिकाम्या जागी दहा-बारा वळणे घेऊन हाताला नवी सवय लावावी. इंधन कोणते हे झाकणाच्या आतील बाजूस वाचावे. अनेक डिझेल गाड्यांत शेजारीच निळ्या झाकणाची अ‍ॅडब्लूची (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या द्रवाची) टाकी असते आणि तिच्यात चुकून डिझेल गेले तर दुरुस्ती फार महागात पडते.

आता पार्किंग. मर्सिडीजची लांब व्हीलबेसची ई-क्लास पाच मीटरपेक्षाही लांब आहे, म्हणून सोसायटीत यांत्रिक पार्किंग असेल तर पॅलेटची, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या फळीची, लांबी, रुंदी आणि वजनाची मर्यादा आधी विचारावी. टायरची बाजू बुटकी असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमला बसतो आणि फुटपाथला घासले तरी अलॉय खरवडतो. समांतर पार्किंग करताना डावा आरसा खाली वळवून चाक पाहत राहावे. उंच गतिरोधक शक्य तेथे किंचित तिरके ओलांडावेत. अनेक गाड्यांत स्टेपनी नसते, पंक्चर झाल्यावरही थोडे अंतर चालणारे रन-फ्लॅट टायर असतात, म्हणून पंक्चर झाल्यास कोणाला फोन करायचा तो क्रमांक निघण्यापूर्वीच घ्यावा.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात ही गाडी घालूच नये. पाणी इंजिनात शिरले तर पिस्टनचे दांडे वाकू शकतात, आणि इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर नसेल तर असा दावा सहसा नाकारला जातो. गाडी पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्ट न करता ती टो करून न्यावी.

टोलचे पैसे डीलरच्या फास्टॅगमधून कापले जाणार असल्याने प्रत्येक फेरी टिपून ठेवावी. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाट भागात ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, घाटात ती आणखी कमी आहे आणि कॅमेऱ्यांचा पहारा आहे. ई-चलान नोंदणीकृत मालकाच्या नावे निघते आणि ते आपल्यापर्यंत काही आठवड्यांनीही पोहोचू शकते.

गाडी परत करण्यापूर्वी आपला फोन सिस्टीममधून काढून टाकावा, कारण फोन जोडताना संपर्क यादी आणि नकाशातील घराचा पत्ता गाडीत उतरलेला असू शकतो. इंधन मिळाले होते त्याच पातळीवर भरून, गाडी धुऊन, अ‍ॅडव्हायझरसोबत पुन्हा फेरी मारावी, ‘नुकसान नाही’ असे लिहून त्याची सही घ्यावी आणि परत दिल्याची तारीख व वेळ असलेला तो कागद, छायाचित्रांसह, निदान तीन महिने जपून ठेवावा.