नाण्यांचा बाजार थंड असताना काय घ्यावं, काय विकावं

नाण्याच्या भावाचे दोन भाग असतात: धातूचा आणि हौसेचा, म्हणजे संग्राहक धातूच्या वर जे देतो तो. मंदी हौसेच्या भागाला लागते. म्हणून व्यवहाराआधी धातूचा भाग कागदावर मांडा.

१९३९ पर्यंतच्या राणीछाप-राजाछाप रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे निव्वळ १०.६९ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच, ५.८३ ग्रॅम. या आकड्याला त्या दिवशीच्या भावाने गुणा. सामान्य सालाचा झिजका रुपया याहून फार चढ्या दराने घेऊ नका. विकताना सराफ घट धरतो, त्यामुळे हाती थोडं कमीच येतं. लक्ष्मीपूजनासाठी असे रुपये मागितले जातात, म्हणून ते दिवाळीच्या आधी विकायला काढावेत. पुण्यात सोन्या मारुती चौकात आणि लक्ष्मी रस्त्यावर दोन-तीन पेढ्यांत विचारा, वजन डोळ्यांसमोर करून घ्या.

पण वजनावर देण्याआधी निवड करा. १८६२ हे साल १८७४ पर्यंत तसंच छापलं जात होतं; सालाखालच्या ठिपक्यांवरून प्रकार ठरतो आणि काही प्रकार दुर्मीळ आहेत. दहापट भिंगाखाली ठिपके मोजल्याशिवाय ढीग कुणाला देऊ नये.

१९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून नकली फार. आधी भिंगाखाली शेवटचा आकडा बघा: कडेला खरवडल्याची खूण आहे का? १९४० चा रुपया बदलून केला असेल तर वजनही जुळतं, मग पाण्याची चाचणी हवी. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचं छोटं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. बारीक दोऱ्याने नाणं पूर्ण बुडवा, तळाला-कडेला टेकू देऊ नका, चिकटलेले बुडबुडे झटका. ९१.७ टक्क्यांच्या पूर्ण वजनी रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, निम्म्या चांदीला १.२ च्या वर, तांब्यावर मुलामा असेल तर १.३ च्या जवळ. नाणं झिजलेलं असेल तर कोरड्या वजनाला पाण्यात काट्याने दाखवलेल्या आकड्याने भागा; उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं.

जुन्या बाजारात शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) घेताना जास्त जपा. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने खऱ्या नाण्यावर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं बहुधा कापली जातात. पूर्ण अक्षरं, कडेला ओतकामाची रेघ, पृष्ठावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि सगळीकडे सारखी हिरवट छटा असेल तर सोडून द्या.

विकायच्या आधी नाणं चिंच, पितांबरी कशानेही घासू नका. घासलेली चमक जाणकाराच्या लगेच लक्षात येते आणि हौसेचा भाग तिथेच संपतो. पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.

चांगलं, दुर्मीळ नाणं मंदीत निकडीशिवाय विकू नये. लिलावात द्यायचंच असेल तर राखीव किंमत, म्हणजे जिच्या खाली नाणं विकायचं नाही ती, लिहून घ्या. विक्रेत्याचं कमिशन किती आणि पैसे कधी मिळणार तेही विचारा. घेणाऱ्याने बोलीवर खरेदीदाराचा अधिभार (लिलाव करणारा बोलीवर लावतो ती जादा रक्कम) आणि जीएसटी धरूनच कमाल आकडा ठरवावा. भाव पाहताना मागितलेली किंमत नको, अलीकडे ज्या बोलीला नाणं प्रत्यक्ष विकलं गेलं ती पाहा.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी शुल्क मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बँक असा व्यवहार करत नाही.