लेथवर लाकडी गोळे कातायचा जिग : काम काढण्याआधीची तयारी

पाळण्याचे गोळे, देव्हाऱ्याच्या खांबांवरचे लट्टू एकसारखे हवे असतील तर लोखंडी जिग, म्हणजे कापणारं टूल एका खुंटीभोवती गोल फिरवणारं साधन, घरीच बनवलेला परवडतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सामानाला जाण्याआधी आपल्या लेथच्या बेडपासून (खालच्या सपाट पाट्यापासून) सेंटरच्या (लाकूड दोन्हीकडून धरणाऱ्या टोकदार खिळ्याच्या) टोकापर्यंतची उंची आणि बेडमधल्या फटीची रुंदी मोजून घ्या. हे दोन आकडे खिशात नसतील तर फेरी फुकट.

तळाला आणि वरच्या फिरत्या हाताला 10 मि.मी.ची एम.एस. (साध्या मऊ पोलादाची) प्लेट घ्या. भंगारातली चालेल, पण पातळ नको. टूल थरथरतं आणि लाकडावर लाटा उठतात. फटीत सरकणारी पट्टी, आवळायला बोल्ट, 10 मि.मी.चा चौकोनी एच.एस.एस. (हायस्पीड स्टीलचा) कापणारा बिट, तो धरायला ठोकळा आणि एम-6 (6 मि.मी.चे) स्क्रू. टॅपनं आटे पाडण्याआधी भोक 5 मि.मी.चं. ज्यावर हात फिरतो त्या खुंटीला 12 मि.मी.चा ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाचा गज) आणि 12 मि.मी. भोकाची, 6201 नंबरची दोन बेअरिंगं, एकावर एक. एकाच बेअरिंगवर हात डुलतो. आता इथं सांभाळा : आपल्याकडं काउंटरवर अजून सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) हिशेब चालतो. चार सूत म्हणजे 12.7 मि.मी., तो गज 6201 मध्ये जाणारच नाही. व्हर्नियर लावूनच घ्या, दुकानातले अण्णा वैतागले तर वैतागू देत. बेअरिंगचं घर टर्नरकडून 32 मि.मी.चं करून आणा, घरी कानशीनं ते जमत नाही.

वेल्डिंग सगळं आधी उरका, खुंटीचं भोक शेवटी. तापलेली प्लेट ओढली जाते आणि आखलेलं सगळं हलतं.

खरी मेहनत त्या भोकाच्या जागेवर करा. खुंटी लेथच्या अक्षाच्या बरोबर खाली हवी. तळाची प्लेट बेडवर आवळा, दोन्हीकडचे टोकदार सेंटर समोरासमोर आणा, टोकाला गुण्या लावून खाली रेघ मारा. पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंनी ताडा, मगच पंच. खुंटी तुमच्याकडं सरकली तर गोळ्याची दोन्ही टोकं सफरचंदासारखी चपटी राहतात. पलीकडं गेली तर लिंबासारखी निमुळती होतात. बिटाचं टोकही सेंटरच्याच उंचीला हवं, नाहीतर टोकांशी गाठ शिल्लक राहते. त्यासाठी ठोकळ्याखाली घालायला पातळ पत्र्याचे तुकडे जवळ ठेवा.

लाकडाचं फार नाही : सागवान किंवा शिसम, वाळलेलं, बिनचिरेचं. कोपरे आधी हातपटाशीनं उतरवा, दोन्हीकडं मान सोडा. ती शेवटी करवतीनं कापायची. चष्मा लावा, हातमोजे घालू नका, बाह्या दुमडा. मोटर लावण्याआधी लाकूड पकडणारा चक हातानं फिरवून, जिगचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघा, बिट कुठं चकच्या जबड्याला तर लागत नाही ना.