आउटलाईन सरकते तेव्हा आधी आउटलाईनला हात लावू नका

सुरतला उधन्यात मी 3 वर्षं साड्यांच्या एम्ब्रॉयडरी मशीनवर होतो (आपल्याकडची किती पोरं आहेत तिकडे, सांगायला नको), मग अमळनेरला येऊन स्वतःची सिंगल हेड (एकाच डोक्याची एम्ब्रॉयडरी मशीन) टाकली. पहिलीच मोठी ऑर्डर 40 टी-शर्टची, केळीवाल्यांचा ग्रुप, छातीवर पिवळा घड आणि त्याला काळी आउटलाईन. साडीवर हात बसलेला पण टी-शर्ट कधी केलेला नाही. 12 नग काढले आणि बघतो तर घड एकीकडे, काळी रेघ दुसरीकडे, मधे कापड दिसतंय.

मी काय केलं, सॉफ्टवेअरमध्ये आउटलाईनच थोडी डावीकडे ओढली. पुढच्या नगात उजवीकडे फट. नवीन पोरं हीच चूक करतात भो, आउटलाईन बरोबर जागेवरच पडत असते, तिच्याआधी कापड हललेलं असतं.

म्हणून आधी फट कुठे आहे ते बघा. 5 सेंटीमीटरचा गोल घ्या, आडव्या टाक्यांचा फिल (आतली जागा भरणारे टाके), वरून साधी आउटलाईन, आणि मारा. टाके ज्या दिशेला असतात त्या दिशेला कापड आत खेचलं जातं आणि त्याच्या आडव्या दिशेला फिल बाहेर ढकलला जातो, म्हणजे इथे डावीउजवीकडे फट आणि वरखाली फिल रेघेबाहेर आलेला, गोलाचं अंडं झालेलं. असं दिसलं तर काम पंचिंगचं (डिझाईनची टाक्यांची फाईल बनवण्याचं) आहे: पुल कॉम्पेन्सेशन, म्हणजे खेचलं जाईल तेवढी जादा रुंदी, 0.2 ते 0.4 मिलिमीटर द्या, फिलखाली अंडरले (आधाराचे विरळ टाके) टाका, उगाच टाके दाट करू नका, टाक्यांच्या ओळींमधे 0.4 मिलिमीटरचं अंतर बऱ्याच कामाला पुरतं. पण सगळी आउटलाईनच एका बाजूला सरकलीय, तर मग फ्रेममध्ये (कापड पकडणारी चौकट) कापड घसरलंय नाहीतर फ्रेम मशीनला नीट बसलेली नाही, तिथे पंचिंगवाल्याशी भांडून काही होत नाही.

माझं दोन्ही होतं. त्यात कापडाखाली आधाराला पेपर लावतात तो हाताने फाडायचा लावलेला, साडीची सवय. फिलच्या हजारो टाक्यांनी तो पेपर भोकं पडून तिकिटासारखा फाटतो, आणि काळी रेघ सुरू होईपर्यंत खाली धरायला काही उरतच नाही. टी-शर्टला कात्रीने कापावा लागतो तोच पेपर लावा, महाग पडतो पण लावा. फ्रेमला लावताना टी-शर्ट ताणू नका, सरळ ठेवा, स्क्रू आवळल्यावर कडा ओढायच्या नाहीत, काढल्यावर तो परत आखडतो आणि सगळ्या चुण्या पडतात.

आणखी एक, माझ्या फाईलमध्ये सगळे रंग होऊन शेवटी काळा होता. प्रत्येक भागाचा फिल झाला की लगेच त्याची आउटलाईन करून घेतली तर कापडाला सरकायला वेळच मिळत नाही, धागा जास्त वेळा बदलावा लागतो, बदलायचा. डीएसटी (मशीनला देतात ती तयार टाक्यांची) फाईल असेल तर ती मोठीछोटी करत बसू नका, टाके तेवढेच राहतात, मूळ फाईल मागा. स्पीडही मी आउटलाईनला मिनिटाला 600 टाक्यांवर आणतो.

लाइट गेली तर? फ्रेमला बोट लावू नका, धक्का लागला तर संपलं. आल्यावर 8-10 टाके मागे घेऊन सुरू करा.